डिझेलचा दर आणि पेढीचा हिशेब

धाराशिवच्या बाजारपेठेत पेढीचे कुलूप उघडण्याआधी व्यापाऱ्याच्या घरी दोन गोष्टी ठरलेल्या असतात. एक देवदर्शन आणि दुसरी पंपावरील आजच्या दराची विचारपूस. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोल-डिझेलचे दर रोज सकाळी सहा वाजता बदलू शकतात. त्याआधी ते पंधरवड्याने बदलत. रोज बदलण्याची मुभा असली तरी कधी ते महिनोन्महिने जागचे हलत नाहीत आणि हलू लागले की थांबत नाहीत. २०२१ च्या नोव्हेंबरपासून साडेचार महिने स्थिर राहिलेले दर २२ मार्च २०२२ पासून चढू लागले आणि अवघ्या सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपयांनी वाढले. ज्याने जुन्या दराच्या हिशेबाने ऑर्डर घेतली होती, त्याला माल मात्र नव्या दराचे डिझेल जाळून पोहोचवावा लागला.

मोठ्या कंपनीला असा धक्का पुढच्या तिमाहीत भरून काढता येतो. कळंब, उमरगा, भूम किंवा परंड्याच्या घाऊक किराणा व्यापाऱ्याला तेवढी उसंत नसते. त्याच्या मालापैकी बराचसा पाकीटबंद असतो. त्यावर कमाल किरकोळ किंमत छापलेली असते आणि खेड्यातील दुकानदाराला तिच्यापेक्षा एक पैसाही अधिक घेता येत नाही. वरून किंमत बांधलेली आणि खालून खर्च वाढणारा, अशा फटीत त्याचा नफा असतो. शिवाय माल उधारीवर गेलेला असतो. सोयाबीन बाजारात येईपर्यंत खेड्यातील ग्राहक दुकानदाराला पैसे देत नाही आणि दुकानदार घाऊक व्यापाऱ्याला देत नाही. दसरा-दिवाळीला येणाऱ्या रकमेसाठी श्रावणातले डिझेल रोखीने भरावे लागते.

त्यात ग्राहकही त्याच दराखाली दबलेला असतो. डिझेल वाढले की ट्रॅक्टरची नांगरट महागते, पेरणी महागते, मोंढ्यापर्यंत धान्य आणण्याचे भाडेही चढते. म्हणून वाढलेला खर्च सरळ ग्राहकावर टाकण्याचा मार्ग जितका सोपा दिसतो तितका तो नाही. मग हा भार उचलायचा कोणी, हा प्रश्न आज जिल्ह्यातील प्रत्येक व्यापारी कुटुंबापुढे उभा आहे.

अंतराशी जुने नाते

वाहतुकीच्या खर्चाची चिंता या मुलखाला नवी नाही. तेर गावाचे प्राचीन नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात पैठणबरोबर तगरचा उल्लेख येतो. तेथील कापड आणि आसपासचा इतर माल गाड्यांत भरून, रस्ते नसलेल्या विस्तीर्ण प्रदेशातून भडोचच्या बंदरापर्यंत नेला जात असे. त्या व्यापाऱ्यालाही बैलांची वैरण, वाटेतील मुक्काम आणि गाडीवानाची मजुरी मालाच्या किमतीत बसवावीच लागत असणार. आज डिझेलची जी जागा आहे, ती तेव्हा वैरणीची होती.

पुढे १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मार्गाची गाडी बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि १९११ पर्यंत ती लातूरला पोहोचली. निजामाच्या राज्यातील धान्य आणि कापूस तिच्यामुळे मुख्य लोहमार्गाला जोडला गेला. एकविसाव्या शतकात हा मार्ग रुंद झाला आणि धाराशिव शहरही त्यावर आले. तरीही दुकानाच्या दारापर्यंत माल येतो तो ट्रक, टेम्पो आणि पिकअपमधूनच. सोलापूर, लातूर आणि बार्शी या तिन्ही बाजारपेठा जिल्ह्याच्या सीमेबाहेर. माल आणायचा तो बाहेरून आणि पोहोचवायचा आठ तालुक्यांच्या वाड्या-वस्त्यांवर. तुळजापूरचा घाट चढून आलेले साखरेचे पोते गावातील दुकानात उतरेपर्यंत दोनदा तरी गाडी बदलते.

इंधनाचा दर ठरवणे मात्र येथे कोणाच्याही हाती नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत सुमारे चौपट झाली. १९७२ च्या दुष्काळातून नुकत्याच सावरणाऱ्या मराठवाड्यालाही त्या युद्धाची झळ बसली. तेव्हा किरकोळ दर सरकार ठरवत असे. जून २०१० मध्ये पेट्रोल आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेल सरकारी दरनियंत्रणातून मुक्त झाले. दूरदेशी आखातात काही बिनसले की त्याची नोंद आता येडशीच्या नाक्यावरही उमटते.

रिकाम्या जागेची किंमत

जो दर आपल्या हाती नाही, त्याच्याविषयी तक्रार करून रोजमेळ जुळत नाही. आपल्या हाती काय आहे, हे पाहण्यासाठी एक साधा हिशेब मांडता येतो. समजण्यास सोपे जावे म्हणून त्यातील आकडे गोल धरले आहेत.

एक पिकअप लिटरला १२ किलोमीटर जाते आणि खेड्यांची एक फेरी १२० किलोमीटरची आहे. म्हणजे एका फेरीला १० लिटर डिझेल. दर ९० रुपये असेल तर खर्च ९०० रुपये. गाडीत दहा क्विंटल माल असेल, तर इंधनाचा भार किलोमागे ९० पैसे पडतो. आता दर दहा रुपयांनी वाढून शंभरावर गेला. फेरीचा खर्च हजार रुपये झाला आणि किलोमागे भार एक रुपया झाला. वाढ झाली दहा पैशांची.

तीच गाडी जुन्याच दराने, परंतु अडीच क्विंटल माल घेऊन निघाली तर? खर्च ९०० रुपयेच, पण किलोमागे भार ३ रुपये ६० पैसे. लिटरमागे दहा रुपयांच्या ज्या दरवाढीने व्यापाऱ्याची झोप उडते, तिने किलोमागे दहा पैसे नेले. गाडीतील रिकाम्या जागेने त्याच किलोमागे २ रुपये ७० पैसे नेले आणि त्याची नोंद कोणत्याही वहीत झाली नाही. साखरेसारख्या मालावर किलोमागे दीड रुपया सुटतो असे धरले, तर ती अर्धीमुर्धी फेरी नफ्याची नव्हतीच. व्यापारी स्वतःच्या पदरचे घालून माल पोहोचवत होता.

वाटेपासून १८ किलोमीटर आत असलेल्या एका दुकानदाराचेही असेच. त्याची दीड क्विंटलची ऑर्डर नाकारणे जिवावर येते. जाऊन-येऊन ३६ किलोमीटर, तीन लिटर डिझेल, २७० रुपये. दीड रुपयाच्या हिशेबाने त्या मालावर मिळणार २२५ रुपये. चालकाची मजुरी आणि टायरची झीज धरण्याआधीच ४५ रुपये तोटा. ग्राहक राखल्याचे समाधान खरे, पण त्या समाधानाची किंमत निदान ठाऊक असावी.

म्हणून पहिले काम गाडीची स्वतंत्र वही उघडण्याचे. टाकी पूर्ण भरल्यावर किलोमीटरचा आकडा लिहावा, पुढच्या वेळी टाकी पूर्ण भरताना किती लिटर लागले आणि गाडी किती चालली हे लिहावे. भागाकार केला की खरे ॲव्हरेज कळते. त्याच ओळीत त्या फेरीत किती क्विंटल माल गेला हेही नोंदवावे. महिनाभराने ही वही वाचली की कोणती फेरी पेढी चालवते आणि कोणती पेढीवर चालते, ते आपोआप दिसते.

फेऱ्यांची घडी

बहुतेक पेढ्यांवर फेऱ्या ठरतात त्या फोन येईल तशा. सकाळी नळदुर्गहून फोन आला की गाडी नळदुर्गला आणि दुपारी त्याच रस्त्यावरच्या जळकोटहून निरोप आला की पुन्हा तिकडेच. याऐवजी वार बांधून घेतले तर चित्र पालटते. तुळजापूर, नळदुर्ग, जळकोट, उमरगा ही एक वाट. येडशी, कळंब ही दुसरी. भूम, परंडा ही तिसरी. त्या त्या गावच्या आठवडी बाजाराच्या आदल्या दिवशी माल पोहोचला, तर दुकानदारालाही तो हवाच असतो. ऑर्डर आदल्या संध्याकाळपर्यंत यावी आणि ठरलेल्या किमान वजनाखाली गाडी वळू नये, एवढे दोन नियम प्रेमाने पण ठामपणे सांगावे लागतात. सुरुवातीला कुरकुर होते. वार पक्का पाळला गेला की दुकानदारही आपली मागणी त्याप्रमाणे जुळवून घेतो.

आठवड्याच्या तीन फेऱ्यांऐवजी दोन झाल्या तर वरच्याच हिशेबाने काय होते, हेही पाहावे. ९० रुपये दराने तीन फेऱ्यांना २,७०० रुपये लागत. दर शंभरावर जाऊनही दोन फेऱ्यांना २,००० रुपयेच लागतात. डिझेल महागले आणि खर्च मात्र उतरला. वर्षाला ५२ फेऱ्या, म्हणजे ५२० लिटर डिझेल वाचले. एक लिटर डिझेल जळाले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका छोट्या पेढीने एका वर्षात जवळपास १४ क्विंटल धूर टाळला.

वसुलीच्या फेऱ्यांचेही असेच. केवळ पैसे मागण्यासाठी दुचाकीवरून तीस-चाळीस किलोमीटर जाणे ही अनेक घरांतील तरुणांची नित्याची कामगिरी. मोबाइलवरून पैसे पाठवणाऱ्या दुकानदाराला बिलात थोडी सूट दिली तर ती पेट्रोलपेक्षा स्वस्त पडते. ज्या घरात सून किंवा मुलगी संध्याकाळी फोनवरून ऑर्डरी घेऊन दुसऱ्या दिवसाची यादी वाटेच्या क्रमाने लावून देते, तेथे सकाळी चालकाला फक्त निघायचे असते. हे काम पेढीवरील कोणत्याही कामाइतकेच व्यापाराचे आहे आणि त्याचा मानही तसाच राखला जावा.

परतीच्या रिकाम्या गाडीचा विचार सहसा होत नाही. रिकामे बारदान, परत येणारा माल, स्वतः खरेदी केलेले धान्य यांनी ती जागा भरता येते. दुसऱ्याचा माल भाड्याने आणायचा असेल तर परवान्याच्या आणि विम्याच्या अटी आधी पाहून घ्याव्यात. एकाच पेठेतील दोन पेढ्यांनी, एकाने किराणा आणि दुसऱ्याने भांडी किंवा कापड, अशी एकच गाडी करून वाट वाटून घेतली तर दोघांचाही खर्च निम्म्यावर येतो. प्रत्येकाचे बिल स्वतंत्र असावे आणि भाड्याचा वाटा वजनावर की जागेवर हे आधीच लिहून ठेवावे. समाजाच्या मंदिरात रोज भेटणाऱ्या माणसांना एका गाडीत माल घालणे अवघड वाटू नये.

गाडीची निगा हा जुनाच सल्ला, पण तो पाळला जात नाही. टायरमध्ये हवा कमी असली की इंजिनाला अधिक जोर लावावा लागतो. एअर फिल्टर तुंबला की तेच. इंधन बचतीसाठी काम करणारी पेट्रोलियम कन्झर्व्हेशन रिसर्च असोसिएशन ही केंद्र सरकारची संस्था ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेग सुचवते. माल उतरेपर्यंत इंजिन चालू ठेवण्याची सवय तर निव्वळ उधळपट्टी. शहरातल्या शहरात कमी अंतराच्या खेपा असतील तर विजेवर चालणाऱ्या मालवाहू तीनचाकीचा हिशेब जरूर करून पाहावा. पण गाडीच्या कर्जाचा हप्ता, बॅटरीचे आयुष्य आणि रोजचे खरे अंतर हे तिन्ही आकडे समोर ठेवल्याशिवाय निर्णय घेऊ नये.

कागदावरची बाजू

डिझेल आणि पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या बाहेर आहेत. त्यामुळे त्यांवर भरलेला कर पेढीच्या विक्रीकरातून वजा मिळत नाही, तो पूर्ण खर्चच ठरतो. मालवाहू गाडी, तिचे टायर आणि दुरुस्ती यांवरील कराची वजावट मात्र नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला सामान्यतः मिळते, आणि पक्के बिल न घेतल्यामुळे अनेक जण ती गमावतात. बिलात भाडे वेगळे दाखवायचे असेल तर ते मालाच्या मूल्याचाच भाग धरले जाते आणि कर मालाच्या दराने लागतो, हेही ध्यानात असावे. भाड्याची रक्कम उघडपणे वेगळी लिहिण्याचा लाभ असा की दर उतरल्यावर ती कमी झालेलीही ग्राहकाला दिसते आणि व्यापाऱ्यावरचा विश्वास वाढतो. हुंडेकऱ्याशीही असाच करार करता येतो. डिझेल अमुक दराला असताना भाडे इतके आणि दर पाच रुपयांनी वर किंवा खाली गेला तर भाड्यात इतका फरक, हे दोघांनी एकदा लिहून घेतले की दर महिन्याची घासाघीस मिटते.

कुंथलगिरीच्या वाटेवरचा धडा

अंतरावर मात करण्याची एक जुनी युक्ती या जिल्ह्याजवळ आहेच. कुलभूषण आणि देशभूषण मुनींची सिद्धभूमी, जेथे १९५५ मध्ये आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, त्या कुंथलगिरीला जाणारा प्रत्येक यात्रेकरू परतताना पेढा घेऊन येतो. त्या पेढ्यामागे भूम, वाशी, कळंब परिसरातील खव्याच्या भट्ट्या आहेत. कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

व्यापाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर खवा हे वाहतुकीच्या प्रश्नाचे उत्तर आहे. चार-पाच लिटर दूध आटवले की किलोभर खवा होतो. दूर शहरात दूध पाठवायचे तर त्यातील पाण्याचेही भाडे भरावे लागते आणि वाटेत नासण्याचा धोका वेगळा. आटवल्यावर वजन एक-पंचमांश होते आणि मोल वाढते. तुरीची डाळ येथेच करून पाठवणे किंवा धान्य निवडून, काडीकचरा काढून पाठवणे हीही त्याच युक्तीची रूपे. ज्या वजनाला किंमत नाही, ते गाडीत चढवू नये.

भट्टीला सरपण लागते आणि त्याचाही विचार श्रावकाला टाळता येत नाही. सौरऊर्जेवर चालणाऱ्या यंत्रांनी खवा काढण्याचे प्रयोग भूम परिसरात झाले आहेत. ते वाढले तर इंधनाचा खर्च आणि झाडांची तोड, दोन्ही कमी होतील.

भार कोणावर?

खर्च वाढला की तो कोठेतरी उतरवावा लागतो, आणि येथेच व्यापाऱ्याची परीक्षा असते. उतरवण्याच्या तीन चोरवाटा फार जवळ असतात. वजनात थोडे मारावे, मालात थोडे मिसळावे किंवा गाडीत पासिंगपेक्षा जास्त भरावे. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात या तिन्ही वाटांना नाव आहे. कमी-अधिक मापे वापरणे, म्हणजे 'हीनाधिकमानोन्मान', आणि भेसळ करणे, म्हणजे 'प्रतिरूपकव्यवहार', हे अचौर्य अणुव्रताचे अतिचार. 'अतिभारारोपण', म्हणजे शक्तीबाहेर भार लादणे, हा अहिंसा अणुव्रताचा अतिचार. तो मुळात मुक्या जनावरांविषयी सांगितला गेला. आज भार यंत्रावर असतो, पण ब्रेक न लागलेल्या गाडीखाली सापडणारा जीवच असतो. कायद्यानेही २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २०,००० रुपये आणि त्यावर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड ठेवला आहे. दंडाच्या भीतीने जे टाळायचे, ते व्रताच्या आदराने टाळले तर अधिक शोभते.

चौथी चोरवाट अधिक सूक्ष्म आहे. ती चालकाच्या आणि हमालाच्या पोटातून जाते. फेऱ्या कमी केल्या म्हणून चालकाचा पगार कापला, किंवा एकाच दिवसात दोन वाटा उरकण्यासाठी त्याला रात्रभर जागवले, तर ती बचत नव्हे. पेढीचा भार दुसऱ्याच्या अंगावर ढकलण्याचाच तो प्रकार. डिझेलमध्ये जे वाचले, त्यातील काही वाटा गाडी नीट चालवणाऱ्याला मिळावा. ॲव्हरेज राखण्यात मग त्यालाही रस वाटतो.

धर्माने केवळ निषेध सांगितला नाही, मार्गही सांगितला आहे. दिग्व्रत घेणारा श्रावक दाही दिशांना आपल्या जाण्या-येण्याची मर्यादा ठरवतो, आणि लोभाने ती मर्यादा वाढवणे, म्हणजे 'क्षेत्रवृद्धी', हा त्या व्रताचा अतिचार मानला आहे. अनर्थदंडव्रतात 'प्रमादचर्या' टाळायची असते. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंड श्रावकाचारात निष्कारण अग्नी पेटवणे, पाणी सांडणे यांच्या जोडीला निष्कारण हिंडणे आणि दुसऱ्याला हिंडवणे हेही त्यात मोजले आहे. चातुर्मासात गावाबाहेर न जाण्याचा नियम घेणारी वडीलधारी माणसे अजून पुष्कळ घरांत आहेत. आपल्या रिकाम्या गाडीच्या फेरीला त्यांनी कोणते नाव दिले असते, हे सांगायला नको.

दिवाळीला वहीपूजन होते, जुनी खाती मिटतात, नवी उघडतात. यंदा त्या नव्या वहीत एक पान गाडीसाठी ठेवता येईल. किलोमीटर, लिटर, क्विंटल, एवढेच तीन रकाने. दर उद्या चढेल की उतरेल, हे त्या पानावरून कळणार नाही. पण रात्री दुकान बंद करताना आजची कोणती फेरी गरजेची होती आणि कोणती टाळता आली असती, हे त्यावरून नक्की कळेल. पुढच्या आठवड्याचे वार त्या पानावरूनच ठरवावेत.